सोडा म्हणायचं राहिलं

डब्याचं झाकण जमिनीवर पडलं, आणि पडून गप्प बसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण स्टीलचं झाकण ते. आधी खणकन वाजलं, मग कडेवर उभं राहून पलंगाखालून फिरायला निघाल्यासारखं घरंगळत गेलं, भिंतीला धडकलं, आणि शेवटी स्वतःभोवती गिरक्या घेत, आधी सावकाश, मग घाईघाईने, थरथरत एकदाचं निजलं. तेवढ्यात घरातली अख्खी दुपार मोडली.

ती जागच्या जागी गोठली. एका हातात टेबलावरचा दिवा, दुसऱ्या हातात कापडी बाहुली. पलंगावर भिंगरीने कूस बदलली. आतल्या खोलीत सासूबाईंचं घोरणं मध्येच अडलं, थोडं विचारात पडलं, आणि पुन्हा वाटेला लागलं. ती हळूच श्वास सोडणार, तोच पलंगावरून आवाज आला.

"आई, माझ्या बाहुलीला काय झालंय?"

"काही नाही. झोप तू."

"मग तिचे हात वर का केलेत?"

झालं. रविवारच्या दुपारचा तो चोरलेला पाऊण तास संपला होता.

इस्पितळात एक्स-रे काढण्याचं शिक्षण घेत होती ती. अभ्यासक्रमाचं खरं नाव एका दमात घेता येत नसे, शेवटी 'तंत्रज्ञ' असा शब्द यायचा आणि तिथपर्यंत पोचेतो ऐकणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. म्हणून घरात त्याला सगळे 'फोटोचं शिक्षण' म्हणत. दोन वर्षांचं शिक्षण. त्यातलं पावणेदोन संपलं होतं. पहिल्या दिवशीच सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "हे बघ, दोन वर्षं मी पोरीला सांभाळते. आनंदाने सांभाळते. तिसऱ्या वर्षाचं मला नको, माझ्या गुडघ्यांना विचार."

गुडघ्यांचं उत्तर काय असणार, ते तिला माहीत होतं. त्या गुडघ्यांचे फोटो तिनेच काढले होते.

आता सगळं अडलं होतं एका पानावर. शिकणाऱ्या प्रत्येकाकडे एक जाड वही असायची. हाताचे इतके फोटो, पायाचे इतके, पाठीच्या कण्याचे इतके, आणि प्रत्येक पानाखाली विभागप्रमुखांची सही. तिची सगळी पानं भरली होती. फक्त 'लहान मुलांची छाती' हे पान खाली कोरं होतं. शेजारी उभं राहून विभागातल्या कोणी मदत करायची नाही, पहिल्याच खेपेला फोटो चांगला यायला हवा, तर सही. दोनदा संधी मिळाली, दोन्हीदा घालवली. तिसरी आणि शेवटची उद्या सकाळी. ती गेली की परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा वर्षातून एकदा. म्हणजे तिसरं वर्ष. म्हणजे गुडघे.

मोठ्या माणसांच्या फोटोत तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. नवरा म्हणजे घरचाच पेशंट. त्याला दाराला टेकवून, खांदे पुढे ढकलून, हनुवटी वर करून तिने इतका सराव केला होता, की तो आता केस कापायला बसला तरी आपोआप हनुवटी वर करायचा. भानगड व्हायची ती मुलांच्या वेळी. मूल रडायला लागलं की हिचा पाय त्याच्यापासून निघत नसे.

पहिल्या खेपेला ती, किरण अंगावर येऊ नयेत म्हणून बटण जिच्यामागून दाबायचं असतं, त्या भिंतीआड गेलीच नव्हती. बटण मैत्रिणीला दाबायला सांगितलं आणि स्वतः मुलाच्या दंडाला धरून उभी राहिली. फोटो आला. मुलाची छाती सुरेख आली होती, आणि त्या छातीवर, हाड न् हाड मोजता येईल अशी, तिची चार बोटं. एका बोटात लग्नातली अंगठीसुद्धा. विभागप्रमुखांनी तो फोटो वर्गात सगळ्यांपुढे लावला आणि शांतपणे विचारलं, "ह्या मुलाला एकूण हात किती?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तीन."

तेव्हापासून वर्गात तिचं नावच पडलं, तिसरा हात. "तिसरा हात, पेन दे ना." "तिसऱ्या हाताने डबा आणलाय का आज?" ती पण हसायची. पण त्या फोटोतली आपली बोटं तिला अधूनमधून आठवायची. इतकी पांढरी, इतकी घट्ट धरलेली.

दुसऱ्या खेपेला ती भिंतीआड गेली. मग मूल रडलं म्हणून बाहेर आली. त्याला थोपटलं, परत आत गेली, परत बाहेर आली. शेवटी बटण दाबलं ते भलत्याच वेळी. फोटोत फुप्फुसं फुग्यातली हवा गेल्यासारखी आक्रसलेली, शिवाय सगळं हललेलं. डॉक्टरांना त्यातून खोकल्याचं कारण सोडा, मुलाचा चेहरा कुठल्या बाजूला होता तेही कळलं नसतं.

"मला करायचंय," भिंगरी पलंगावरून उतरली. पाच वर्षांची होती. झोपेने केसांचं घरटं झालेलं. "मी पेशंट."

"बाहुली आहे ना पेशंट?"

"ती मेलीय वाटतं. मी जिवंत पेशंट."

तिने भिंगरीला स्टुलावर बसवलं, पडलेल्या झाकणाऐवजी एक्स-रेची पाटी म्हणून मोठं ताट उभं केलं, त्याला पाठ टेकवली, दिव्याचा उजेड छातीवर आणला. उजेडाचा गोळा हनुवटीपासून बेंबीपर्यंत पडला. "हात वर. कानाला लागू देत दंड. शाब्बास. आता मी दाराआड जाणार, आणि श्वास घे म्हटलं की मोठ्ठा श्वास घ्यायचा, आणि धरायचा. मी सोडा म्हणेपर्यंत धरायचा. कळलं?"

"कळलं, डॉक्टर."

"डॉक्टर नाही गं. तंत्रज्ञ."

"कळलं, तंतर."

ती दाराआड गेली. "श्वास घ्या. धरा."

नेमकं तेव्हाच आतून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, गॅसवर दूध ठेवलंयस का? वास येतोय."

दूध. ती तशीच धावली. पातेलं उतरवलं, ओटा पुसला, सासूबाईंना "नाही हो आई, फार नाही गेलं," असं सांगितलं, फडकं पिळून वाळत टाकलं आणि बाहेर आली. भिंगरी स्टुलावर तशीच. हात वर, गाल टम्म, चेहरा लालबुंद, डोळे पाण्याने भरलेले.

"अगं बाई! सोड, सोड!"

भिंगरीने फुस्सदिशी श्वास सोडला आणि धापा टाकत, रागाने थरथरत म्हणाली, "तू सोडा म्हणालीच नाहीस."

तिने पोरीला छातीशी धरलं. हसू दाबत तिची पाठ चोळली. पाच वर्षांचं मूल किती वेळ श्वास धरू शकतं? मधूनमधून चोरून घेतलाच असेल की तिने. पण हात? हात मात्र खरंच खाली आले नव्हते.

"माझी पाळी आता," भिंगरी म्हणाली. बाहुलीला स्टुलावर बसवलं, दोन्ही हात ओढून वर केले, आणि एकदाही मागे न बघता तरातरा दाराआड गेली. "शास घ्या. धरा. टिंग. सोडा." मग दाराआडून डोकं बाहेर काढून आईला म्हणाली, "बघ, किती सोप्पंय."

सोमवारी सकाळी नेहमीचंच नाटक झालं. ती दारात उभी, भिंगरी तिच्या ओढणीला लटकलेली. ती दोन पावलं गेली, पाण्याची बाटली राहिली म्हणून परत आली. भिंगरीने भोकाड पसरलं. बाटली घेऊन निघाली, तर पोरीच्या स्वेटरचं बटण उघडं दिसलं, म्हणून परत आली. भोकाड आणखी वरच्या पट्टीत.

"जा बाई आता," सासूबाई नातीला कडेवर घेत म्हणाल्या. गुडघे करकरले, त्यांनी तोंड वाकडं केलं. "तुला वाटतं, तू थांबतेस म्हणून तिला बरं वाटतं. तू वळलीस की पाच मिनिटांत माझ्याकडे खाऊ मागते ही. पण तू दारात घोटाळतेस तोवर हिला रडावं लागतं. कर्तव्य म्हणून."

"असं नसतं हो आई."

"बरं, नसतं. जा."

एक्स-रेची खोली इमारतीच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेली. मधोमध वरून रुळांवर सरकणारं मोठं डोकं, ज्याच्यातून किरण यायचे. समोर छातीच्या फोटोची उभी पाटी. कोपऱ्यात खुंट्यांवर किरण अडवणारे शिशाचे एप्रन, प्रत्येक एखाद्या आळशी नातेवाइकाइतका जड. आणि एका बाजूला ती भिंत. तिच्यात हातभर काच, काचेमागे बटणांचं टेबल, आणि खोलीत बोलायला छोटा माइक.

विभागप्रमुख तिथेच खुर्चीवर बसल्या होत्या. पंचावन्न-छप्पन वय, बारीक चण, पण मुलं त्यांना पाठीमागे 'शिसेबाई' म्हणत. त्यांच्यातून काही आरपार जात नाही म्हणून.

"मी नाही आज इथे," शिसेबाई म्हणाल्या. "असं समज, खुर्ची रिकामी आहे."

"हो, मॅडम."

"रिकाम्या खुर्चीला हो मॅडम म्हणू नये."

पेशंट आत आली. तीन वर्षांची मुलगी, दोन आठवड्यांचा खोकला, केसांत चार चिमटे, बापाच्या मानेला मिठी. बाप घरांना रंग देणारा होता. कामावरूनच आला असावा, नखांच्या कडेला पिवळा रंग, भुवईवर पांढरा ठिपका. मुलीपेक्षा तोच जास्त घाबरलेला होता.

"ताई, दुखणार नाही ना हिला?"

"दुखत नाही, दादा. पण पाटी गार आहे आणि मशीन मोठं आहे, म्हणून रडेल. रडू दे. तुम्ही घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरू?" तो म्हणाला, आणि एप्रन उलटा घातला.

तिने तो सुलटा केला, पट्टे बांधले. मुलीच्या केसांतले चिमटे एकेक काढून बापाच्या खिशात टाकले. "सांभाळा हं हे, हिचे आहेत." मुलगी आपल्या चिमट्यांच्या काळजीने क्षणभर रडायचं विसरली. तेवढ्यात तिने तिला स्टुलावर बसवलं, पाठ पाटीला लावली, बापाला बाजूला उभं करून त्याच्या हातात मुलीचे हात दिले. "कोपराच्या वर धरा. असे. दंड कानाला लागू देत, म्हणजे मान वळणार नाही. बोटं आत येऊ द्यायची नाहीत. मला त्याचा अनुभव आहे."

खुर्ची हलकीच खोकली.

उजेडाचा चौकोन तिने मुलीच्या छातीवर आखला, बाजूला उजव्या-डाव्याची शिशाची खूण लावली. सगळं झालं. आता फक्त वळायचं आणि सात पावलं चालायची.

ती वळली, आणि मुलीने टाहो फोडला.

तिचे पाय थांबले. एका ठिकाणी खिळे ठोकल्यासारखे. मागे मुलगी रडत होती, "बाबा, नको, बाबा, नको," आणि तिच्या खांद्यांना, मानेला, हातांच्या बोटांना एकच काम दिसत होतं, मागे वळायचं. नुसतं एकदा थोपटायचं. एकदाच.

"वेळ कोणाचा जातोय?" रिकामी खुर्ची म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी सहज. "तुझा की तिचा?"

तिने मागे पाहिलं. बाप दात-ओठ आवळून मुलीचे हात धरून होता. मुलीचे ते हात, दंड कानाशी, तिने स्वतःच वर करून दिलेले. ती इथे उभी राहील तेवढा वेळ ते वरच राहणार होते. ती थांबल्याने रडणं थांबणार नव्हतं. रडणं तेवढं लांबणार होतं.

काल स्टुलावर भिंगरी बसली होती, ओट्यावरचं दूध पुसून होईपर्यंत हात वर धरून.

सात पावलं ती चालली. भिंतीआड आली. बोट बटणावर ठेवलं.

काचेतून मुलगी दिसत होती, माइकमधून आवाज येत होता. आता घाई करायची नव्हती. हा आवाज तिला पाठ होता. पाच वर्षं ती ह्याच्यावर जगली होती. रडणारं मूल आधी लांबच लांब सूर लावतं, आतली सगळी हवा संपेतो लावतं. मग एक क्षण काहीच येत नाही, तोंड उघडं आणि आवाज नाही, आईचा जीव टांगणीला लागतो तो हाच क्षण. आणि मग पोट आत जातं, खांदे वर येतात आणि मूल अख्खी खोली आत ओढून घेतल्यासारखा श्वास घेतं. मोठ्या माणसाला श्वास घ्या, धरा म्हणून सांगावं लागतं. रडणारं मूल न सांगता त्याहून मोठा घेतं. तो कधी येणार, हे पुस्तकात नव्हतं. ते तिने दारात, कडेवर, तापाच्या दिवसांत ऐकून ठेवलं होतं.

एक सूर गेला. तिने तो जाऊ दिला. बटण अर्धं दाबलं, मशीन गुंजायला लागलं. दुसरा सूर, लांब, लांब, संपला. शांतता. सवयीने तिच्या तोंडून माइकमध्ये निघून गेलं, "श्वास धरा." मुलीला ते ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. मुलीचे खांदे वर आले.

तिने बटण पूर्ण दाबलं. टिंग.

पडद्यावर फोटो हळूहळू उमटला. शिसेबाई उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून बरगड्या मोजायला लागल्या. फुप्फुसं भरलेली असली तरच खालच्या बरगड्या दिसतात.

"सहा. सात. आठ." पेन्सिल थांबली. "नऊ. मान सरळ. खूण बरोबर बाजूला." शिसेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि हात?"

"दोनच, मॅडम."

"मोजून सांग."

तिने मोजले. "दोनच."

शिसेबाईंनी वही पुढे ओढली, ते कोरं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं. मग सही करता करता थांबल्या आणि काचेतून बाहेर बघत राहिल्या.

"एक राहिलंय तुझं."

"काय, मॅडम?"

"त्या माणसाला सोडा म्हण."

तिने काचेतून पाहिलं. मुलीचं रडणं थांबत आलं होतं. ती बापाच्या खिशात चिमटे शोधत होती. आणि बाप तसाच उभा. हात हवेत, गाल टम्म, चेहरा त्याच्या नखांवरच्या रंगापेक्षाही भडक.

"सोडा! दादा, सोडा!"

बापाने असा श्वास सोडला की एप्रनचे पट्टे हलले. भिंतीला हात टेकवून तो म्हणाला, "ताई, अजून काही असेल तर सांगा. मी धरतो."

शिसेबाईंना हसताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पण सही करताना त्या हसत नव्हत्या. "तुझे कान चांगले आहेत," पान उलटवत त्या म्हणाल्या. "पायांचं बघ. मूल आपल्याकडे पाच मिनिटं येतं. त्यातलं एक मिनिट तू आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून ठेवून घेतेस."

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई पाय उशीवर ठेवून बसलेल्या. तिचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना सांगू का मग?"

"सांगा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायांशी बसून दोन्ही गुडघ्यांवर हात फिरवला.

"हळू. तिसरा हात लावू नकोस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नवऱ्याच्या पोटात काही राहतं का तुझ्या?"

भिंगरी चपला घातल्या घातल्याच मांडीत येऊन बसली. तिला सगळं साग्रसंगीत हवं होतं. मुलगी केवढी होती, चिमटे कसल्या रंगाचे, तिच्या बाबाने श्वास किती वेळ धरला. तिथे ती इतकी हसली की उचकी लागली. "माझ्यासारखा," पुन्हा पुन्हा म्हणाली. "तू त्याला पण सोडा म्हणालीच नाहीस."

मग आईच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारायला लागली. ती गाठ मारायला लागली की काहीतरी शिजतंय असं समजायचं.

"फोटोने दुखत नाही ना?"

"नाही गं. कळतसुद्धा नाही."

"मग तू भिंतीच्या मागे का जातेस?"

हे तिला येत होतं. तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न. "हे बघ, ते किरण एकदा अंगावर आले तर काही होत नाही. ती मुलगी एकदाच येणार. पण मी तिथे रोज असते. दिवसाला पन्नास फोटो. पन्नास वेळा रोज नको ना अंगावर? म्हणून भिंत. म्हणजे मला खूप वर्षं खूप मुलांचे फोटो काढता येतील."

भिंगरीने मान डोलावली. पटलं असावं. दुसरी गाठ मारली.

"आणि तिचे बाबा आत थांबले."

"हो. एप्रन घालून."

"कारण ते तिचे बाबा."

"हो."

सासूबाईंनी उशी सारखी केली आणि उगाचच बाहेर बघायला लागल्या. भिंगरीने गाठ सोडवली, टोक सरळ केलं, आणि मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं,

"मग मी स्टुलावर असले, तर तू कुठे?"